पन्हळ वाहीपर्यंत

ज्या माणसाला घरातली घागर भरलेली आहे की रिकामी हे एकेचाळीस वर्षांत कधी कळलं नाही, त्याने आभाळाचं भविष्य सांगू नये. पण आमच्या ह्यांना हे कोण सांगणार? मी सांगितलंही असतं, पण सांगायला माणूस घरात हवा ना! हे दिवसभर पाट्यावर, आणि पाट्यापाशी बायकांनी जायचं नसतं.

पाटा म्हणजे आमच्या चौकातली लाकडी बैठक, वीस माणसं मांडी घालून बसतील एवढी. बिकानेरच्या जुन्या शहरात पाटा नसलेला चौक नाही आणि पाट्यावर न बसणारा पुरुष नाही. आमच्या चौकातला पाटा तर नेमका आमच्याच भिंतीला लागून, गच्चीच्या पन्हळीखाली. लग्नं तिथे ठरतात, सरकारं तिथे पडतात, घरातला नळ मात्र तिथून कधी दुरुस्त झाला नाही. रोज सकाळी तो पाटा मी झाडते, ओल्या फडक्याने पुसते आणि पुरुषमंडळी यायच्या आत घरात शिरते.

यंदा आषाढ अर्धा सरला तरी आभाळ कोरडं ठणठणीत. पारा सत्तेचाळीसवर जाऊन बसलेला. सकाळी भरलेली बादली दुपारी चहाला चालेल इतकी तापायची. गंगाशहरात सोमवारी पाऊस पडला. गंगाशहर ते कितीसं लांब! माझ्या नणंदेने मुद्दाम फोन करून मला तिच्या पन्हळीचा आवाज ऐकवला. मी म्हटलं, बाई गं, खूप छान, आणि फोन आपटला.

त्याच दिवशी संध्याकाळी पाट्यावर वाद पेटला. मी खिडकीच्या फटीतून ऐकत होते. एकीकडे आमचे हे, रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले सूरजरतन व्यास. दुसरीकडे ह्यांचे लहानपणापासूनचे मित्र बुलाकीदास ओझा, संस्कृतचे मास्तर, पंचांग उशाला घेऊन झोपणारे.

"टिटवीने उंचावर अंडी घातलीत, चिमण्या धुळीत लोळतायत," हे म्हणाले. "उद्या संध्याकाळच्या आत कोसळतो की नाही बघ."

"अजून नऊ दिवस थेंब नाही," बुलाकीदास म्हणाले. "पंचांगात स्पष्ट लिहिलंय."

"पंचांग छापलंय कुठे? जोधपूरला! त्याला बिकानेरचं काय कळतंय?"

"आणि तुझी टिटवी कुठे शिकली? काशीला?"

सगळा पाटा हसला. तिथेच घात झाला. आमच्या ह्यांना शिवी चालते, उपास चालतो, पण कुणी हसलेलं चालत नाही. त्यातून संध्याकाळची भांगेची गोळी चढलेली. पाट्यावर थाप मारून म्हणाले, "ऐका सगळे! माझ्या घराची पन्हळ वाहीपर्यंत मी ह्या पाट्यावरून खाली उतरणार नाही. बापाची शपथ!"

मी कपाळावर हात मारून घेतला. दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या छातीत डॉक्टरांनी स्प्रिंग बसवलीय. उन्हात चालू नका म्हणालेत. बसू नका असं तेवढं सांगायचं राहून गेलं असणार.

पहिला प्रश्न आला तो देहधर्माचा. पाट्यावर त्यावर रीतसर चर्चा झाली. शेवटी बुलाकीदासांनी शास्त्र धुंडाळून निकाल दिला की देहधर्माला मुभा आहे, पण चप्पल न घालता जायचं आणि शंभर आकडे मोजायच्या आत परत यायचं. मग काय! हे घरात शिरले की बाहेर वीस पुरुष एका सुरात आकडे मोजायचे. आमच्या न्हाणीघराची फरशी गार, त्यामुळे ह्यांना ऐंशीपर्यंत बाहेर यावंसं वाटेना. नव्वदला धोतर सावरत पळत सुटायचे. अख्ख्या गल्लीने दाराला उभं राहून ती शर्यत पाहिली. लाजेने माझा जीव अर्धा झाला.

मंगळवार असाच गेला. डोक्यावर ओला पंचा, खिशात कांदा, वर छत्री. मी ताक पाठवत होते, बाजरीची राबडी पाठवत होते, आणि प्रत्येक भांड्याबरोबर निरोप पाठवत होते की पुरे झालं. भांडी रिकामी येत होती, निरोपाचं उत्तर येत नव्हतं.

बुधवारी चार वाजता आकाश पिवळं झालं. वारा सुटला, पत्रे वाजले, कुणाची तरी चादर आमच्या खिडकीला येऊन चिकटली. "आला! आला!" हे पाट्यावर उभे राहून नाचायला लागले. वाळूची ती जी काय आंधी आली, चौकात शेजारचा माणूस दिसेना. मग टप टप थेंब पडले. पाट्यावर मोजून सतरा. त्यातले पाच वादात होते, कारण ते कबुतराचे असावेत असं एकाचं म्हणणं. आणि मग आमच्या पन्हळीतून काहीतरी खरंच खाली आलं.

"वाहिली! पन्हळ वाहिली!" हे ओरडले.

बुलाकीदासांनी हात पुढे केला, मूठ उघडून दाखवली. "ही रेती आहे, सूरज."

"पन्हळ वाहिली की नाही एवढं बोल!"

"रेतीने अंघोळ करून दाखव, मग बोलतो."

पुन्हा हशा. हे परत मांडी घालून बसले. तोपर्यंत मलाही हसू येत होतं, खोटं कशाला बोलू? म्हटलं, उंटावरचा शहाणा आहे, आपटला की उतरेल.

गुरुवारी दुपारी मात्र माझं हसू गेलं. बुलाकीदास पाट्याजवळ येऊन म्हणाले, "काय रे, टिटवीची काही चिठ्ठी?" आणि हे काहीच बोलले नाहीत. मी खिडकीला डोळा लावला. ओठ फुटलेले, डोळे कुठेतरी भलतीकडेच. ताकाचा पेला हातात तसाच. ह्या माणसाने स्वतःच्या बापाच्या तेराव्यालाही भटजीशी वाद घातलाय. हा माणूस बोलण्याला उलटून बोलत नाही म्हणजे काय! मी पदर ओढला आणि मागच्या दाराने थेट किस्तूरीच्या घरी गेले.

किस्तूरी म्हणजे बुलाकीदासांची बायको, माझी जिवाची मैत्रीण. बुलाकीदास ह्यांच्यापेक्षा चार महिन्यांनी मोठे, म्हणजे गल्लीच्या नात्याने माझे थोरले दीर. थोरल्या दिरापुढे तोंड दाखवायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांच्याशी एक अक्षर बोललेली नाही. तेही नुकतेच घरी येऊन कोपऱ्यात बसले होते. मी पदर नाकापर्यंत घेतला आणि किस्तूरीला म्हणाले, "जेठजींना सांग, हरलो म्हणा आणि संपवा एकदाचं."

चार हातांवर बसलेले बुलाकीदास किस्तूरीला म्हणाले, "तिला सांग, कालच म्हणालो."

किस्तूरी मला म्हणाली, "कालच म्हणाले."

"मग?"

"ती विचारतेय, मग?"

"मग तो म्हणाला, पाऊस पडला नाही तर मी जिंकलो कसा? भीक नको."

"मग ते म्हणाले..."

"अगं, ऐकू येतंय मला, बहिरी नाहीये मी!"

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, खोलीत भट्टी पेटल्यासारखी धग होती. कूलर बंद. किस्तूरी घामाने निथळत होती. म्हणाली, "तीन दिवस लावू देत नाहीत. सूरज उन्हात भाजतोय आणि मी गारव्यात बसू? म्हणतात. त्यांच्या मैत्रीपायी मी पापडासारखी भाजून निघाले, धापू."

मला रडूही आलं आणि रागही आला. हे दोन म्हातारे मिळून आम्हा दोघींना एकाच आठवड्यात विधवा करणार होते! मी भिंतीकडे तोंड केलं आणि भिंतीलाच म्हणाले, "पन्हळ वाहीपर्यंत, एवढंच बोललेत ना? कुणाच्या पाण्याने वाहायची ते कुठे बोललेत?"

किस्तूरीचा हात आधी कमरेच्या किल्लीवर गेला. तिच्या अंगणातल्या टाक्यात गेल्या वर्षीच्या पावसाचं दोन हात पाणी उरलं होतं. आमच्या टाक्यात चिखल. आषाढात टाक्याचं पाणी मागणं म्हणजे एखाद्या बाईकडे तिचं मंगळसूत्र मागण्यासारखं.

"किल्ली दे," बुलाकीदास म्हणाले.

"मी मेल्यावर घ्या," किस्तूरी म्हणाली. मग माझ्याकडे बघत राहिली. पदराआड माझं नाक तेवढं वाजलं. ती उठली, कुलूप तिनेच काढलं आणि पहिली घागरही तिनेच भरली.

गल्लीतल्या सात बायका जमल्या. आम्ही पन्हळीच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबला आणि गच्चीवर घागरी ओतायला सुरुवात केली. पहिल्या दहा घागरी गच्चीने नुसत्या पिऊन टाकल्या. चर्र आवाज आणि वाफ. किस्तूरी प्रत्येक घागरीला "गेलं माझं पाणी" म्हणत होती आणि पुढची आणत होती. आमचे पाय पोळले, वेण्या सुटल्या. चाळीसाव्या घागरीला पाणी घोट्याला लागलं. मी बोळा खेचला.

धो धो पाणी थेट ह्यांच्या डोक्यावर. छत्री मोडली, चौकात आरडाओरडा झाला. मी कठड्यावरून वाकून बघते तर हे तोंड वर करून बसलेले, डोळे मिटलेले, सुखात. हुश्श म्हणणार एवढ्यात ह्यांनी जीभ बाहेर काढली. एक घोट घेतला, तोंडात घोळवला.

"हे बुलाकीच्या टाक्याचं पाणी आहे," हे म्हणाले.

कपाळ माझं! भाजीतलं मीठ कमी की जास्त ते कधी कळलं नाही, आणि इथे जीभ चालली!

"पाऊस आहे, सूरज." बुलाकीदास धोतरासकट पन्हळीखाली येऊन उभे राहिले होते.

"ढग दाखव."

"मी सांगतोय ना, पाऊस आहे."

"खोटं बोलतोस? तू?"

"बोलतोय. आयुष्यभर तुझ्या शंभर थापा मी खऱ्या मानल्या. तू माझी एक मान."

ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मला वरूनही दिसलं. पण मान हलली ती नकारार्थीच. "बापाचं नाव घेतलंय रे. कसा उतरू?" एवढं बोलताना ह्यांना तीनदा दम लागला.

मग मला काय झालं, मला माहीत नाही. जिना उतरले, पुढच्या दाराने चौकात आले, तशीच ओली, पदर खांद्यावर. पाट्यापाशी गेले. बुलाकीदास वाटेत उभे होते. मी म्हणाले, "जेठजी, सरका."

ते असे सरकले की मागच्या दोघांच्या अंगावर पडले. मी पाट्यावर चढले आणि ह्यांच्या शेजारी मांडी घालून बसले. बाकीचे पुरुष टणाटण उड्या मारून खाली.

"अगं! अगं, हे काय?" हे घाबरून म्हणाले. "उतर आधी!"

"नाही उतरणार. पन्हळ वाहीपर्यंत."

"लोक बघतायत!"

"तीन दिवस एकट्याला बघतायत, आता जोडीने बघू देत."

"ऊन लागेल तुला, वेडे."

"लागू दे. तुम्ही इथून आडवेच उतरणार असाल, तर मला घरात जाऊन करायचंय काय? मला भीती वाटतेय. कळतंय का तुम्हाला? मला भीती वाटतेय."

चौकात कुणी हसलं नाही. हे माझ्या पायांकडे बघत होते. तळव्यांना फोड आले होते.

"बापाला वर गेल्यावर काय सांगू?" हे हळूच म्हणाले.

"सांगा, बायको येऊन बसली होती. त्यांनाही बायको होती, समजतील ते."

ह्यांनी एक पाय खाली टाकला. मग दुसरा. गुडघे वाकले तसं बुलाकीदासांनी काखेत हात घालून धरलं आणि घरात नेलं. दोन मिनिटांत आमचा कूलर घरघरायला लागला आणि मागोमाग ह्यांचा आवाज आला, "पंचांगात तरी होता का आजचा पाऊस?" तो ऐकला आणि माझा जीव भांड्यात पडला.

खरा पाऊस पडला चार दिवसांनी, म्हणजे चुकले दोघेही. पण त्या दुपारी मी लगेच उतरले नाही. पाय दुखत होते आणि पाटा ओला, गार झाला होता. तीन गल्ल्यांचा वारा तिथे एकत्र येतो. एवढी वर्षं पुसला, पण हे मला ठाऊक नव्हतं. किस्तूरी रिकामी घागर घेऊन दारात उभी होती.

"कसं आहे गं वर?" तिने विचारलं.

"ये की. जागा खूप आहे."

तिने इकडेतिकडे पाहिलं, घागर भिंतीशी ठेवली आणि चढली. मग बाकीच्याही आल्या. चौकातले पुरुष उन्हात उभे राहून आमच्याकडे बघत होते. त्यांना बसायला जागाच नव्हती.