खिंडीखालचे छप्पर

नेरेइदाने गळ पाण्यात सोडला आणि दोरी बोटाभोवती एकदा गुंडाळून घेतली. वडील असेच करीत. त्यांना जाऊन तीन आठवडे झाले होते.

"मासे धरायला आलोय का आपण?" मांडीवर नकाशा घेऊन बसलेल्या अधिकाऱ्याने विचारले. वियेकेस बेटाचा हा भाग आता अमेरिकन सरकारचे अभयारण्य होता, आणि तिथल्या नव्या फलकावर काय लिहायचे ते त्याच्या हाती होते. "बाई, पाल्मा सोला नावाचं गाव कुठल्याच कागदावर नाही. साठ वर्षं आरमाराचा दारूगोळा, त्याआधी नुसतं रान."

"रान म्हणे!" सुकाणूपाशी बसलेला चागोकाका फिस्कन हसला. "त्या रानातून हिच्या आजीला एका दिवसात हाकललं, साहेब. चुलीवरचं भांडं चुलीवरच राहिलं."

"पुरावा?"

"काका, होडी कुठे थांबवलीत ते सांगा त्यांना," नेरेइदा म्हणाली.

"लाल माशांच्या घळीवर. शेंबडं पोरही सांगेल. होडीतून काळा खडक दीपस्तंभाला टेकलेला दिसला आणि पेत्राचं छप्पर खिंडीखाली आलं, की टाकायचा गळ."

"पेत्रा म्हणजे माझी आजी," नेरेइदा म्हणाली.

अधिकाऱ्याने किनाऱ्याकडे पाहिले. डोंगरातल्या खिंडीखाली झाडीच झाडी होती.

"कुठाय छप्पर?"

चागोकाकाने टोपी काढली, पुन्हा घातली.

"माझ्या जन्माआधीच पाडलं ते. पण आम्ही तसंच म्हणतो."

दोरीला हिसका बसला. नेरेइदाने हातभर लांबीचा लालभडक मासा होडीत ओढला.

"घळ हीच," ती म्हणाली. "आता इथून खिंडीपर्यंत रेघ ओढा. घर त्याच रेघेवर होतं."

होडी किनाऱ्याला लावून ते त्या रेघेने निघाले. होकायंत्र अधिकाऱ्याकडे, कोयता चागोकाकाकडे. किनाऱ्यापासून दोनशे पावलांवर वेलींखाली विटांचा कठडा लागला. नेरेइदाने खडा टाकला. आतून पाण्याने उत्तर दिले.

"आहे!" चागोकाका ओरडला. "पोरी, टाकं आहे!"

टाक्याशेजारी तीन पायऱ्या होत्या, कुठेच न जाणाऱ्या. आरमाराचे ट्रक आले तेव्हा सात वर्षांचे वडील दुसऱ्या पायरीवर बसले होते. नेरेइदाने ती पायरी तळव्याने पुसली आणि बसली. नकाशावर अधिकाऱ्याची पेन्सिल बराच वेळ चालली.

परतताना तोच मागे वळून बघत राहिला. एकदा दीपस्तंभाकडे, एकदा डोंगराकडे.

"काका, थांबा," तो अचानक म्हणाला. "छप्पर खिंडीखाली आलं. टाका गळ."