काळी राख

फाल्गुनातल्या कलत्या उन्हात आत्याबाईच्या मुठीत ढेकूळ फुटायचं, तेव्हा ताजी भाकरी मोडावी तसा मऊ, ओलसर आवाज यायचा. आधी अंगठा दबे, मग बोटं सैल होत, आणि साबुदाण्याएवढे काळेभोर कण तळहातावर सांडत. ती ते नाकाशी नेई, डोळे मिटी, आणि देव्हाऱ्यापुढे कधी न दिसलेली तृप्ती तिच्या मुद्रेवर पसरे.

देवासची मास्तरकी संपवून ती सतवासजवळच्या आमच्या शेतावर राहायला गेली. गहू कापल्यावर उरणारी उभी धसकटं (सगळा मुलूख त्यांना नरवाई म्हणतो) ती जागीच कुजू द्यायची. वर शेणकाला, मग अंबाडी, तूर, हरभरा. त्या पिवळ्या पांघरुणाखाली गांडुळांचं अदृश्य, अविश्रांत जग चालू असे. पाऊल टाकलं की जमीन किंचित दबे आणि श्वास घेतल्यासारखी परत उठे. आषाढात शेजारच्या शेतांतून गढूळ लोंढे धावत. तिच्या बांधाशी पाणी थबके, जणू उंबरठ्यावर चपला काढी, आणि मुकाट्याने आत जाई. ढेकूळ पाण्याच्या पेल्यात सोडून ती बघत बसायची. टिकलं की म्हणायची, "बघ, घट्ट धरून ठेवलंय एकमेकांना. नातेवाईकांपेक्षा बरं."

जाताना तिने नंदूदादाचा, माझ्या काकांच्या मुलाचा, हात धरला. ओठ कोरडे, आवाज पानगळीसारखा. "काळी राख रे," एवढंच म्हणाली. काळी, म्हणजे ती जमीन. राख, म्हणजे सांभाळ.

शेत आम्हा दोघांत अर्धं-अर्धं आलं, आणि वैशाखात नंदूदादाने त्याच्या अर्ध्याला काडी लावली. उन्हाळी मूग पेरायची घाई. ज्वाळांचा तो तडतडाट मी बांधावर उभं राहून ऐकला. आकाश तांबूस, वाऱ्यात काजळी, आणि वर बगळ्यांचा थवा, होरपळून बाहेर पडणाऱ्या किड्यांची मेजवानी टिपणारा. मी ओरडले. तो हसला. हिंदी शाळेत शिकलेला आमचा दादा, ज्याला गावभर भिया, म्हणजे भैया, म्हणतात, म्हणाला, "अगं बेन, आत्याबाई खुद बोलून गेल्या ना, काळी राख! तर केली काळी राख. अब काय प्रॉब्लेम?"

बाजूचे चार जण खिदळले. ते हसू मी जपून ठेवलंय. मी पत्रकं लिहिते, भिंतींना चिकटवते: आगीत नत्र उडून जातं, गंधक उडून जातं, मातीला बांधून ठेवणारा कर्ब धूर होतो, मग रोटावेटरने पीठ करा, वर युरिया ओता, आणि पहिल्याच सरीला पापुद्रा धरला की नशिबाला शिव्या द्या. वाचतं कोण? तीन वैशाख तो जाळत आला. आणि यंदा, आत्याबाईच्या श्राद्धाला, पानं वाढायच्या आधी मला म्हणाला, "तुझा हिस्सा पण दे ना बटाईने कसायला. एकदम साफ करून टाकतो."

साफ! मी तयारीने आले होते. पिशवीतून दोन ढेकळं काढली, एक माझ्या अर्ध्यातलं, एक त्याच्या, आणि काचेचे दोन पेले पाण्याने भरून तिच्या तसबिरीपुढे ठेवले. सगळा गोतावळा बघत होता. गुरुजी थांबले. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता. माझं ढेकूळ तळाशी बसलं, दोन-चार बुडबुडे सोडून स्थिर झालं, जणू ती पाटावर बसावी. त्याच्या ढेकळाने क्षणभर आकार धरला, मग एक कड सुटली, दुसरी सुटली, आणि बघता बघता सगळंच खचून पाणी चहासारखं झालं.

तो पेला मी त्याच्यापुढे सरकवला. "घे दादा. तीर्थ आहे. घे ना."

त्याने हात मागे घेतला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. त्याची मान खाली गेली तेव्हा तो बांधावरचा खिदळाट माझ्या कानांतून पहिल्यांदा उतरला.

मग काका उठले. आत्याबाईचे थोरले भाऊ, त्याचे वडील. जन्मभर आवाज न चढवलेला माणूस. गढूळ पेला त्यांनी उजेडाकडे धरून पाहिला, कितीतरी वेळ. "नंदू," ते म्हणाले, "यंदा काडी लावलीस तर माझं श्राद्ध घालायचं नाहीस तू."

पानं वाढली गेली. नंदूदादाने घास घेतला की नाही, ते मी पाहिलं नाही. मी त्या पेल्याकडे बघत होते. त्यात विरघळलेलं जे होतं ते त्याचं नव्हतंच. तिचे सगळे उन्हाळे होते ते, तिच्या अंगठ्याचा दाब, तिचे मिटलेले डोळे. माझा सूड तिच्याच मातीने घेतला आणि त्यात तीच खर्ची पडली. तरी क्षमा नाही. येत्या वैशाखात मी बांधावर उभी असेन.

गेलेलं माणूस मागे 'राख' असं एक क्रियापद ठेवून जातं. आणि आपण जरा नजर काढली की काळ त्याचं नाम करून टाकतो.