अबोल्यातला निरोप

लेस्टरबाहेर, मेंढ्यांच्या कुरणाला लागून असलेल्या घरात सुमेधा आणि तिचे सासरे चंद्रशेखर यांच्यात अबोला चालू होता. कारण म्हणाल तर हीटिंग. पुण्याहून आलेल्या सासऱ्यांनी ते कुणाला न विचारता बंद केलं. सुमेधा म्हणाली, "मी इथे कुडकुडायला आले नाही." ते म्हणाले, "आम्ही नाही का राहिलो!" आणि तिथेच बोलणं गोठलं.

तेव्हापासून सगळा व्यवहार हरीशमार्फत. हा तिचा नवरा बर्मिंगहॅमच्या ऑफिसातून घरी आला की आधी दोन्हीकडचे निरोप ऐकायचा, मग जेवायचा. तो नसला की दोघं हवेशी बोलत. "कुणाला चहा हवाय का?" असं सुमेधा गॅसला विचारी. "मिळाला तर कुणी नाही म्हणत नाही," असं सासरे टीव्हीला सांगत.

अबोल्याचाही हिशेब असतो. जो आधी थेट बोलेल तो हरला. सुमेधाच्या मते ती पुढे होती, कारण परवा मीठ मागताना सासऱ्यांच्या तोंडून "अगं" निसटलं होतं. सासऱ्यांच्या मते तो खोकला होता.

नोव्हेंबर लागला होता, ऑफिसं सुटायच्या आतच अंधार. अशाच एका संध्याकाळी शेजारच्या शेतकऱ्याचा, कॉलिनचा फोन आला.

"कोल्हा माझ्या कोंबड्या नेतोय. आज मागच्या कुरणात दिवा आणि रायफल घेऊन जाणार आहे. आवाजाने दचकू नका. पोलिसांनाही कळवलंय. तुमच्याकडचे सगळे घरात आहेत ना? कुरणातल्या पायवाटेवर कुणी येणार नाही?"

"सगळे घरात," सुमेधा म्हणाली. फोडणी करपत होती.

मग तिने कढईला बजावलं, "आज मागे बंदूक चालणार आहे म्हणे. कुणी बाहेर जायचं नाही."

टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. आवाज आणखी वाढला. म्हणजे ऐकलं, असं तिने धरून टाकलं.

जेवणं झाली. ती भांडी विसळत असताना मागचं दार उघडून बंद झालं. शतपावली! पुण्यात असोत की इंग्लंडात, जेवणानंतर सासऱ्यांचे पाय घरात थांबत नसत.

तिने कॉलिनला फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. पुन्हा लावला. खिडकीबाहेर पांढऱ्या उजेडाचा एक झोत कुंपणावरून सरकत गेला. हाक मारायला तोंड उघडलं आणि हिशेब आडवा आला. एवढ्यात ते परत येतील, मग उगाच आपण हरलो. ती ओट्यापाशी गेली, परत दाराशी आली.

दूरवर बार झाला.

"बाबा!" सुमेधा अनवाणीच धावली. "बाबा, थांबा! डोन्ट शूट! कॉलिन, माणूस आहे!"

झोत पायवाटेवर होता. त्यात दोन ठिपके चमकत होते, सासऱ्यांच्या चष्म्याच्या काचा. झोत लगेच जमिनीकडे वळला. कॉलिन रायफलीतून गोळ्या काढून खिशात टाकत पुढे आला.

"तो बार खालच्या बांधाला होता," तो म्हणाला. "इथे मला नुसती चमक दिसली. पूर्ण जनावर आणि त्याच्या मागे गोळी अडवणारा मातीचा चढ दिसल्याशिवाय मी गोळी झाडत नाही. पण मॅडम, तुम्ही तर सगळे घरात म्हणाला होतात."

"चूक माझी," सुमेधा म्हणाली. दात वाजत होते, थंडीनेच असं नाही.

सासऱ्यांनी गळ्यातला मफलर काढून तिला दिला. "मला सांगायचंस तरी."

"सांगितलं होतं की!"

"कुणाला?"

"कढईला."

"मला वाटलं, हरीशला सांगायची तालीम चाललीये," ते म्हणाले. "आणि तसं ऐकू आलं होतं गं. पण तुझं ऐकून घरात बसलो असतो तर हरलो नसतो?"

तिने त्यांचा दंड घट्ट धरला आणि दोघं दाराशी आले.

"आता सगळे आत?" कॉलिनने कुंपणापलीकडून विचारलं.

तोंडावर आलेलं 'हो' सुमेधाने गिळलं. "माझा नवरा स्टेशनवरून चालत यायचाय. कधीकधी तो कुरणातून येतो. थांबशील?"

कॉलिनने दिवा मालवला. "थांबतो. कोल्ह्याला कुठे ट्रेन पकडायचीये?"

"हरीशला फोन लाव," सासरे म्हणाले. "नको, दे इकडे, मीच लावतो. आणि तू आधी पायात काहीतरी घाल."