घंटा वाजेपर्यंत

दारावर चिकटपट्टीने कार्ड लावून आर्वो आत गेला आणि त्याने दार ओढून घेतलं. बाहेर बर्फात उभ्या असलेल्या त्याच्या मुलीने, वेन्लाने, घड्याळ चालू केलं आणि वाचायला सुरुवात केली. वाचायला फारसं काही नव्हतंच. ‘तुमच्या रुग्णाला तुम्हाला काहीतरी सांगायचं आहे. आत जा आणि त्याच्याशी बोला.’

दोन मिनिटं वाचायला, आठ मिनिटं बोलायला, मग घंटा. डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या खऱ्या मुलाखतीतही असंच असणार होतं. एका लांबच लांब बोळात ओळीने दारं, प्रत्येक दाराबाहेर एक कागद आणि प्रत्येक दारामागे एक नवं माणूस. कुणी प्रश्न विचारणारं, कुणी रुग्णाचं सोंग घेतलेलं. घंटा वाजली की वाक्य अर्धवट टाकून उठायचं आणि पुढच्या दारापाशी जाऊन उभं राहायचं. वेन्ला अशा दारांतून दोनदा फिरून हात हलवत परत आली होती. मार्क भरपूर होते, पण आत गेलं की तिचा घसा कोरडा पडायचा आणि ती पाठ केलेलं म्हणायला लागायची. येत्या शनिवारी तिसरी खेप. चौथी आपल्याच्याने होणार नाही, हे तिने आईला सांगून टाकलं होतं.

एरवी रुग्ण व्हायचं काम आईचं. हिल्का ते इतक्या हौसेने करायची की तिच्या रुग्णांना साधी सर्दी कधी झालीच नाही. कुठलंही कार्ड निघो, ती शेवटी मरायची. आज दुपारी वाटाण्याचं सूप पिता पिता आर्वो अचानक म्हणाला होता, “आज मी बसतो.”

हिल्काचा चमचा हवेतच थांबला.

“तू? लग्नात ‘हो’ म्हणवून घ्यायला पाद्रीला दोनदा विचारावं लागलं होतं तुला.”

“दुसऱ्यांदा म्हणालो ना?” आर्वो म्हणाला, आणि सौना तापवायला निघून गेला.

घरामागचा तो लाकडी सौना, म्हणजे वाफेने न्हायची खोपी, आर्वोच्या आजोबांनी फिनलंडहून इकडे थंडर बे गावी आल्यावर, घराच्याही आधी बांधला होता. आतल्या खोलीत शेगडी आणि वाफ, बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या खुंट्या आणि अंग निववायला एक बाक. वेन्लाचा सराव या बाहेरच्या खोलीतच चालायचा. आजोबांनीच घालून दिलेला नियम होता, की सौनात भांडायचं नाही, खोटं बोलायचं नाही आणि तिथलं बोलणं घरात न्यायचं नाही. घरातले बाकीचे सगळे नियम एव्हाना मोडून झाले होते, हा तेवढा टिकला होता.

वेन्लाने दार ठोठावलं.

“या.”

आर्वो बाकावर बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर होते. त्याने स्वच्छ शर्ट घातला होता हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

“नमस्कार. मी वेन्ला. तुमच्याशी जरा बोलायला आलेय. बसू का?”

“बसा, डॉक्टर.”

बापाने आपल्याला अहो-जाहो करावं याचं तिला हसू आलं. तो हसला नाही.

“तुम्हाला काहीतरी सांगायचं आहे असं कळलं.”

“सांगायचंय. पण मी बोललो तर ते कुठे कुठे जाईल?”

“इथलं बोलणं इथेच राहील,” ती म्हणाली.

शब्द तोंडातून गेले आणि तिने जीभ चावली. काय ऐकायला मिळणार हे कळण्याआधी गुपित राखायचं वचन द्यायचं नाही, हे तिने शंभरदा घोटलं होतं. पण लहानपणापासून या बाकावर बसलं की हेच म्हणायची सवय. जाऊ दे, सराव आहे, असं मनाशी म्हणत ती पुढे वाकली.

“मी गाडी चालवतो,” आर्वो म्हणाला. “शाळेची बस.”

हे ठीक झालं. चक्कर येणारा ड्रायव्हर तिच्या कार्डांमध्ये होता, त्याचं उत्तर तिला तोंडपाठ होतं. बाबाला दुसरं काय सुचणार, कागदाची गिरणी बंद पडल्यापासून तो शाळेची बसच चालवत होता.

“रुळांपाशी आम्ही थांबतो,” तो सावकाश म्हणाला. “दार उघडायचं, खिडकी उघडायची आणि आगगाडी येतेय का ते ऐकायचं. मग निघायचं. कायदाच आहे तसा. त्या दिवशी मी दार उघडलं, एवढं मला आठवतं. मग बघतो तर पायऱ्यांवर बर्फ साचलेला.”

“म्हणजे?”

“दार उघडलं तेव्हा पायऱ्या काळ्या होत्या, डॉक्टर. नंतर पांढऱ्या. आणि आगगाडी निघून गेली होती. शेवटचा डबा दिसला मला. एवढी मोठी मालगाडी नाकासमोरून गेली आणि मी ती ऐकलीच नाही.”

आतल्या खोलीत शेगडीतलं लाकूड तडतडलं.

“तुम्ही खूप घाबरला असाल,” वेन्ला म्हणाली. हे वाक्य तिच्या तयारीतलं होतं.

“मी नाही. मुलं घाबरतील म्हणून मागे पाहिलं. तर सगळी गप्प बसलेली. एरवी कान किटतात माझे, आणि त्या दिवशी चिडीचूप.”

“असं किती वेळा झालं?”

“एकदाच.”

“घरी सांगितलंत?”

“बायकोला सांगितलं तर ती मला पुरून मोकळी होईल. आणि मुलीची मुलाखत आहे. तिचं एकदा होऊन जाऊ दे, मग दाखवीन डोकं कुणालातरी.”

वेन्लाचे हात मांडीवर नीट, सैल ठेवलेले होते. हात कसे ठेवायचे तेही तिने शिकून घेतलं होतं. आता ते एकमेकांत घट्ट गुंतले.

“आणि तोपर्यंत बस?”

“सोमवारची फेरी आहेच. बदली ड्रायव्हर मिळतो कुठे हल्ली?” त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. “तुम्ही हे सांगणार का, डॉक्टर?”

उत्तर तिच्याजवळ होतं. आधी त्याची भीती समजून घ्यायची, मग मुलांच्या जिवाचं बोलायचं, मग त्याने स्वतः सांगावं म्हणून समजावायचं, आणि नाहीच ऐकलं तर आपल्याला कळवावंच लागेल हे सरळ सांगायचं. चारही वाक्यं ओळीने उभी होती. तिने तोंड उघडलं आणि घड्याळाची घंटा वाजली.

आर्वो लगेच उठला. दार उघडून त्याने बाहेरचं कार्ड काढलं आणि तिच्या हातात दिलं.

“बाबा, हे नाटक होतं ना?”

“घंटा वाजल्यावर बोलायचं नसतं, तूच सांगतेस.” तो शेगडीत लाकूड सारायला आत वळला. “जा, आईला हाक मार. तापलंय.”

रात्री जेवताना हिल्काने विचारलं, “मग, कसा काय नट?”

“चांगला,” वेन्ला म्हणाली. “तुझ्यापेक्षा चांगला.”

“मेला की नाही?”

“नाही.”

“मग कसला चांगला!” हिल्का म्हणाली आणि तिने आर्वोच्या ताटलीत आणखी एक बटाटा वाढला. त्याने तो खाल्ला.

रविवारभर वेन्ला त्याच्यावर डोळा ठेवून होती. त्याने दारातला बर्फ ओढला, मासे साफ केले, पेपर वाचला. एकदा पेपर वाचताना तो फार वेळ पान उलटेना, तेव्हा ती खुर्चीतून अर्धी उठली. मग त्याने पान उलटलं. ती तीनदा बोलायला गेली आणि तीनदा परत फिरली. नियम होता, वचन होतं. आणि खरं सांगायचं तर त्याखाली आणखी काहीतरी होतं, ज्याची तिला लाज वाटत होती. तिलाही वाटत होतं की शनिवारपर्यंत निभावून जावं.

सोमवारी उजाडायच्या आधी अंगणात बस धडधडत होती. वेन्ला कोट घालून खाली आली तेव्हा आर्वो दाराशीच उभा होता.

“येतेस फेरीला?” तो म्हणाला. “पाठांतर करून करून डोकं फुटेल.”

इतक्या वर्षांत त्याने घरच्या कुणाला बसमध्ये घेतलं नव्हतं; ते नियमात बसत नाही म्हणायचा. तिने कोट आधीच घातलाय हे त्याने पाहिलं आणि तो बसकडे वळला.

ती त्याच्या मागच्या बाकावर बसली. तळ्याकाठच्या रस्त्याने एकेक घरापाशी दिवे दिसत गेले, एकेक मूल चढत गेलं. प्रत्येकाला आर्वो काहीतरी चिडवत होता. एकाच्या टोपीवरून, एकाच्या पडलेल्या दातावरून. पलीकडच्या पहिल्या बाकावर नऊ-दहा वर्षांची टेसा नावाची मुलगी येऊन बसली. तिने वेन्लाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“तू कोण?”

“मी याची मुलगी.”

“डॉक्टर होणार ती? आम्हाला माहितेय.”

रूळ आले. फाटक नव्हतं, नुसता खांबावर फुलीचा फलक होता आणि दोन्हीकडे काळी झाडं. बस थांबली. आर्वोने खिडकी उघडली, दार उघडलं. गारठा आत घुसला. मागची सगळी मुलं एकदम गप्प झाली.

वेन्लाने पायऱ्यांकडे पाहिलं. त्या काळ्या होत्या. तिने आरशात आर्वोचा चेहरा पाहिला. डोळे उघडे होते, समोर लागलेले होते, पण त्या डोळ्यांमागे तो नव्हता. लांबवर आगगाडीची शिट्टी झाली.

“बाबा,” ती म्हणाली.

बस पुढे सरकली. अगदी हातभर. ब्रेकवरचा त्याचा पाय सैल पडला होता. वेन्ला उठेपर्यंत टेसा उठलीसुद्धा होती. घरातला दिवा बंद करावा तसा तिने पुढे होऊन हँडब्रेकची पिवळी खुंटी ओढली. फुस्स असा आवाज झाला आणि बस जागीच थांबली. टेसा परत जागेवर येऊन बसली आणि तिने दप्तर मांडीवर घेतलं.

“आज माझी पाळी आहे,” ती वेन्लाला हळूच म्हणाली. “मंगळवारी ओवेनची. तुझ्या बाबाला हाक मारू नकोस. तो येतो भानावर, आपला आपण.”

वेन्ला तिच्याकडे वळली.

“कधीपासून?”

“हॅलोविनपासून, ऑक्टोबरपासून. आम्ही कुण्णाला सांगितलं नाही. सांगितलं तर तो दुसरा ड्रायव्हर देतील, पलीकडच्या बसवरचा. तो ओरडतो.”

मालगाडी आली. तिच्या धडधडाटाने खिडक्या थरथरत राहिल्या, उडालेला बर्फ पायऱ्यांवर येऊन पडत राहिला, आणि मुलं सवयीने वाट बघत बसली. वेन्लाने हात लांब करून किल्ली फिरवली, काढून घेतली आणि मुठीत धरली. 

शेवटचा डबा गेला तसा आर्वोने डोळे मिचकावले. आधी त्याने पायऱ्यांकडे पाहिलं. मग ओढलेल्या खुंटीकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिला. त्याचा हात किल्लीकडे गेला आणि रिकामा परत आला.

“सौनातलं सौनात,” तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती.

“हे मी इथे पाहिलं, बाबा. आणि हे एकदाच झालेलं नाही.”

तिने टेसाकडे मान वळवली. आर्वोनेही आरशातून तिकडे पाहिलं. मग तिच्यामागच्या बाकांवरच्या गप्प चेहऱ्यांवरून एकेक करून त्याची नजर फिरली. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून गुडघ्यांवर ठेवले.

वेन्लाने डेपोशी बोलायच्या रेडिओचा माइक खुंटीवरून उचलला.

“तू सांगणार आहेस?” टेसाने विचारलं. तिचे डोळे भरून आले होते.

चारही वाक्यं कुठेतरी निघून गेली होती. 

“हो,” ती म्हणाली, आणि तिने बटण दाबलं.