जुन्या यंत्रासाठी वेगळी फाइल

'जुन्या यंत्रासाठी वेगळी फाइल आहे, ती घ्या.'

सूचनापत्रकातली ही शेवटची ओळ पुसायची होती. शुक्रवारची सकाळ होती. कर्सर पूर्णविरामाशी लुकलुकत होता आणि ती पुसायला बसलेला तो माणूस दोनदा उठून चहा घेऊन आला होता.

साहेबांनी सोमवारीच सांगितलं होतं. बत्तीस बिटांची यंत्रं, म्हणजे जुने कॉम्प्युटर, आता कोणाकडे उरली नाहीत, तेव्हा ही आवृत्ती शेवटची. पुढे त्यांच्यासाठी फाइलीची बांधणी बंद. त्यांनी आकडेही दाखवले. नव्या यंत्रांवर हजारो डाउनलोड, जुन्यावर एक. दर आवृत्तीला एक. एका माणसासाठी आपण दोन दिवस घालवतो, असं साहेब म्हणाले, आणि त्यांचं काही चूक नव्हतं.

तो एक माणूस कोण, हे त्याला ठाऊक होतं. त्याने सांगितलं नाही.

मंगळवारी शेवटची फाइल चढवली. एरवी संध्याकाळपर्यंत मोजणीच्या पानावर शून्याचा एक व्हायचा. बुधवारी शून्य. गुरुवारी शून्य. आजही.

'बाइंडिंगशिवाय ही लायब्ररी पायथनला कळत नाही.'

ही पत्रकातली दुसरी ओळ, त्यानेच लिहिलेली. काम दुभाष्याचं. रेघा, वर्तुळं, रंग काढणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, एका जुन्या, तुटक बोलणाऱ्या भाषेत. लोकांना काम करायचं असतं पायथन या सोप्या संगणकी भाषेत. मधला निरोप्या, म्हणजे बाइंडिंग, तो लिहायचा आणि प्रत्येक तऱ्हेच्या यंत्रावर वेगळा बांधून द्यायचा, कारण एकीकडे बांधलेलं दुसरीकडे चालत नाही. एका यंत्रावर बांधणी करणारा कंपायलर रुसतो. दुसऱ्यावर फॉन्ट सापडत नाही. तिसऱ्यावर सगळं सुरळीत पार पडतं आणि वर्तुळ अंड्यासारखं येतं. बांधणीला प्रत्येकी चाळीस मिनिटं. अकरा वर्षं तो पडद्यावरची पट्टी पुढे सरकताना बघत आला होता.

बायकोने एकदा शेजारणीला सांगितलं, हे बाइंडिंगचं काम करतात. दुसऱ्या दिवशी शेजारीण मुलांची तीन फाटकी पुस्तकं घेऊन दारात. समजावून सांगण्यापेक्षा त्याला सोपं वाटलं ते त्याने केलं: डिंक, दाभण आणि जाड दोरा आणला. आता अख्ख्या इमारतीची पुस्तकं येतात. "निदान हे तरी दिसतं," बायको म्हणते.

'जुन्या यंत्रासाठी वेगळी फाइल आहे'

त्याने मागचे दोन शब्द पुसले आणि थांबला.

ताई, त्याची मोठी बहीण, शिवणकाम करते. दोन शहरं पलीकडे, एका दुकानाच्या मागच्या खोलीत. तिच्याकडे कागदावर पेनाने रेघा ओढणारा रुंद प्लॉटर आहे आणि तो फक्त तिच्या जुन्या कॉम्प्युटरचंच ऐकतो. अकरा वर्षांपूर्वी त्याने तिला प्रोग्रॅम लिहून दिला. मापं टाकायची की गळा, बाही, काखेजवळचा मुंढा, सगळं कागदावर तयार. नवी आवृत्ती आली की हे बटण दाब, असंही दाखवून ठेवलं होतं. खरं तर त्याने लिहिलेलं पहिलं बाइंडिंग तेच.

सहा वर्षांपूर्वी आई गेली. त्या दुपारी दवाखान्यात बसायची पाळी त्याची होती. ताईचा फोन आला तेव्हा तिसऱ्या यंत्राची बांधणी चालू होती. एवढी संपली की निघतो, असं तो म्हणाला. बांधणी मध्येच अडकली, त्याने पुन्हा लावली. तो पोचला तेव्हा ताई आईच्या उशीचा अभ्रा काढत होती. "झाली का तुझी बांधणी?" एवढंच तिने विचारलं. त्यानंतर बोलणं नाही.

पण आकडा यायचा. दर आवृत्तीला एक. म्हणजे ताई आहे, तिचं काम चालू आहे, आणि त्याने पाठवलेलं ती अजून घेते. एवढ्यावर त्याचं भागत होतं.

'जुन्या यंत्रासाठी वेगळी'

अकरा वाजता तो चाचणीच्या टेबलाशी गेला. तिथली बाई सात वर्षांपासून त्याच्या प्रत्येक फाइलीतल्या चुका काढत आलेली. मोजणीचं पान बिघडलंय का, असं त्याने विचारलं.

"पान बरं आहे. कुठला आकडा?"

"जुन्याचा. एक यायचा, आला नाही."

ती हसली. "अहो बाइंडिंगवाले, तो एक म्हणजे मी. माझी चाचणी. गिऱ्हाइकासारखी बाहेरून फाइल उतरवायची, एक वर्तुळ काढून बघायचं. साहेब म्हणाले जुनं थांबवा, थांबवलं."

"मला वाटलं, तू इथलीच प्रत तपासतेस."

"इथली तपासून काय कळणार? आले तेव्हापासून बाहेरूनच घेते. का? चाहती होती की काय कोणी?"

तिने पुन्हा पडद्यात डोकं घातलं. तो जिन्यात गेला. नंबर त्याला पाठ होता.

फोनमध्ये आधी शिवणयंत्राचा आवाज आला. मग ताईचा. "कोण?"

"मी."

यंत्र थांबलं.

"बोल."

तुझ्याकडे कितवी आवृत्ती आहे, असं त्याने विचारलं.

"कसली आवृत्ती? तू बसवून दिलंस तेच आहे."

"नवी आली की बटण दाबायचं होतं ना, ताई."

"चालतंय त्याला कशाला हात लावायचा? बिघडलं असतं तर विचारणार कोणाला?"

मग तीच पुढे म्हणाली, "कुरकुर नाही माझी. फक्त अडतीसच्या वरचं माप असलं की मुंढ्याच्या गोलाईला एक टोक येतं."

ते टोक त्याला माहीत होतं. दुसऱ्या आवृत्तीत त्याने तेच काढलं होतं. एका वजाच्या खुणेची चूक होती.

"ते काढलंय मी," तो म्हणाला. "दहा वर्षं झाली."

पलीकडे कागदाची सळसळ झाली.

"मी पेन्सिलीने गोल करून घेते," ताई म्हणाली. "आत्ताही तेच करत होते, एक मोठं माप आहे. थांबतोस? एवढं संपलं की बोलते."

"हो."

तिने फोन टेबलावर ठेवला. कागदावर पेन्सिल फिरल्याचा आवाज येऊ लागला, हळू, थांबत थांबत, मग रबराचा, मग पुन्हा पेन्सिलीचा. तो पायरीवर बसला.