तिसऱ्या दिवशीचा चोथा

मी चोथा बोलतोय. हसलात ना? हसा खुशाल. वाईन बोलायला लागली असती तर कान टवकारून बसला असतात. चोथ्याला कोण विचारतो!

पण माझंही खानदान आहे म्हटलं. वेरोनाच्या वरच्या अंगाला, मारानोच्या खोऱ्यात, तार्चिझियोच्या मळ्यातली तीन जातींची द्राक्षं म्हणजे मी. कोर्विना सगळ्यात जास्त, म्हणून तोराही तिचाच. जोडीला रोंदिनेल्ला. आणि फिकट, बिचारी मोलिनारा; थोरल्या मालकांच्या हट्टापायी ती अजून टिकून आहे. सप्टेंबरात आम्हाला तोडलं आणि माळ्यावर बोरूच्या चटयांवर मांडलं, घडाला घड लागू न देता. चार महिने वारा खात आम्ही सुकून निम्मे झालो. जानेवारीत ठेचून टाकीत घातलं. थंडीत सावकाश आंबलो, होती नव्हती ती साखर गेली. मग आमच्यातली वाईन वेगळी काढून घेतली, तिचं नाव 'अमारोने'. तिच्या नावातच कडूपणा, तरी जग तिला डोक्यावर घेतं. खाली उरलो मी, नुसती सालं आणि बिया.

आमच्याकडे मला लगेच फेकत नाहीत. शरदात केलेली साधी, हलकी वाईन माझ्यावर ओततात आणि आठदहा दिवस तशीच ठेवतात. माझ्यात उरलंसुरलं असतं ते ती घेते आणि अंगानं भरते. तिला म्हणतात रिपासो.

थोरले मालक मरताना आपल्या मुलाला आणि मुलीला सांगून गेले होते, "वरचा उतार तार्चिझियोला, खालची सपाटी एल्दाला. आणि चोथा दरवर्षी एल्दाचा. त्याच दिवशी, ओला असताना पोचला पाहिजे." कारण उघड्यावर पडलो की दुसऱ्या दिवसापासून मी बिघडायला लागतो. एल्दाच्या सपाटीवरची वाईन पाणचट. माझ्याशिवाय तिला कोणी तोंड लावणार नाही.

एकतीस वर्षं तार्चिझियो स्वतः ट्रॅक्टरवर घालून चोथा बहिणीच्या दारात नेत होता. फाटक वाजवून ओरडायचा, "घे गं, माझ्या ताटातलं उष्टं!"

"आण इकडे! तुझ्या पक्वान्नापेक्षा चविष्ट करून दाखवते," ती म्हणायची. दोघंही हसायची.

यंदा माशी शिंकली. नाताळच्या दुसऱ्या दिवशी तार्चिझियोकडे जेवण होतं. टेबलावर त्याची अमारोने आणि तिची रिपासो, दोन्ही बाटल्या. चर्चचे फादर भोळे, ते बोलून गेले, "खरं सांगू? मला एल्दाचीच जास्त आवडते." एल्दा हसली.  तार्चिझियोचा घास तोंडाशीच थांबला. तेव्हा मी वरच माळ्यावर सुकत होतो, सगळं ऐकलं.

फेब्रुवारीत त्यानं मला टाकीतून उपसलं आणि अंगणात ढीग घातला.

"ट्रॅक्टर काढताय ना?" बायकोनं, लोरेदानानं, विचारलं.

"नाही. माझ्या उष्ट्यावर मोठी झालीये आणि मलाच हसते! हवं असेल तर येऊन मागेल."

खाली एल्दा टाकी धुऊन बसली होती. तीही काही कमी नाही. "एकतीस वर्षं न मागता मिळालं. आता काय पदर पसरू?" असं शेजारणीला म्हणाली म्हणे. बापाचं सांगणं सोडून सगळं लक्षात होतं दोघांच्या! आणि मी मधे उन्हात पडलेला. यंदा ऊनही अवकाळी. दुसऱ्या दिवशी चिलटं घोंगावायला लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तार्चिझियो वेरोनाला गेला. लोरेदानानं स्वतःचं डोकं चालवलं. फावड्यानं मला ट्रॉलीत भरलं आणि एल्दाच्या फाटकाशी नेलं.

"दादानं पाठवलं?" एल्दानं विचारलं.

"हो. त्यांनीच." लोरेदाना मान वर न करता म्हणाली.

एल्दा ढसाढसा रडली. "मला वाटलं, तोडलंच त्यानं," म्हणत एप्रनला डोळे पुसत राहिली. ही बाई टाकीच्या तोंडाशी उभी राहून नुसत्या वासावरून वाईनचं साल सांगणारी. पण त्या दिवशी रडून रडून तिचं नाक चोंदलं होतं. मी आंबट वासानं भरभरून ओरडत होतो, अगं थांब, हुंग मला! माणसं आनंदात असली की कुठं ऐकतात! तिनं वर्षाची सगळी वाईन माझ्यावर ओतली.

नवव्या दिवशी नळ सोडून तिनं पेला भरला, घोट घेतला आणि थुंकला. वर्षभराची वाईन व्हिनेगर झाली होती.  लोरेदानाला बोलावून तिनं फडक्यात गुंडाळलेली त्याच वाईनची एक बाटली हातात दिली.

"त्याला दे. म्हणावं, मिळाला तुझा चोथा. कोशिंबिरीवर घाल. आणि पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस."

"एल्दा, अगं, ते..." लोरेदानानं तोंड उघडलं.

"त्याची बाजू घेऊ नकोस, वहिनी."

लोरेदाना बाटली घेऊन घराकडे वळली. मेले, तेव्हा तरी बोलायचं होतंस!

आता मी ग्राप्पाच्या भट्टीवर निघालोय. मला उकळतील, दारू काढतील. पिऊन तोंड वाकडं झालं तर मला बोल लावू नका. मी ओला होतो, गोडीत होतो, तेव्हा कोणी आलं नाही. द्यायचं ते त्याच दिवशी द्या, मागायचं तेही त्याच दिवशी मागा. एवढंच सांगणं.

ट्रक मघाशी तार्चिझियोच्या फाटकाशी थांबला होता. तो बाहेर आला, माझ्याकडे पाहून खुशीत ड्रायव्हरला म्हणाला, "एल्दाचा ना हा? मी नव्हतो तेव्हा स्वतः येऊन मागून नेला तिनं, बायकोनं सांगितलं. शेवटी बहीण आहे हो. रविवारी जेवायला बोलावतोय तिला."

मागे पायरीवर लोरेदाना उभी होती. बाटली अजून तिच्याच हातात होती, फडक्यात गुंडाळलेली.