हिचा पांढरा

बाथरूमला पांढऱ्या टाइल्स लावायच्या, भिंतींना पांढरा रंग द्यायचा आणि विषय संपवायचा, असं माझं पहिल्या दिवसापासूनचं म्हणणं होतं. बाथरूम ती केवढी! आत शिरलेल्या माणसाला वळायचं असेल तर आधी बादलीची परवानगी घ्यावी लागते. भिंतीतला जुना पाइप झिरपून खालच्यांच्या छताला ओल आली म्हणून सगळं फोडावं लागलं. नाहीतर मी त्या जुन्या फरशीवर आणखी पंधरा-वीस वर्षं सुखाने अंघोळ केली असती. पण एकदा फोडलं म्हटल्यावर घरात जो तो तज्ज्ञ झाला. मुलाला काळे नळ हवे होते. सुनेचं म्हणणं, चकचकीत काही नको, त्यावर पाण्याचे डाग दिसतात, सगळं मॅट घ्या. आमची नात ठमी, तिला बाथरूममध्ये झोपाळा हवा होता. आणि शेवटचा शब्द नेहमीप्रमाणे हिचा. हिचा म्हणजे माझ्या बायकोचा.

ही रफू करते. शालीला पडलेलं भोक, कोटाचं उसवलेलं कोपर हिच्या हातून गेलं की ते कुठे होतं हे मालकालाही दाखवता येत नाही. या कामात हात निम्मा आणि डोळा निम्मा. एक करडा धागा निवडायचा तर ही पेटीतले सगळे करडे खिडकीशी नेऊन धरते. शेजारीपाजारी कुणी पडदा घेतला तरी रंग हिला दाखवून घेतात. माझं आयुष्य बस चालवण्यात गेलं. लाल आणि हिरवा ओळखता आला की माझं भागायचं. मी रंगाबद्दल तोंड उघडलं की ही म्हणते, "गाढवाला गुळाची चव काय!" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या वाक्याचा मला अजून राग येतो.

त्यातच हिच्या डोळ्यांचं निघालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आधी उजव्याचं ऑपरेशन झालं, डाव्याची तारीख पुढची मिळाली. उजव्याची पट्टी निघाली, सगळं छान आहे असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि थोड्याच दिवसांत आम्ही दोघं टाइल्सच्या दुकानात गेलो.

दुकानदाराने पांढऱ्यातलेच इतके प्रकार समोर मांडले की माझं डोकं फिरायची वेळ आली. ही एका टाइलपुढे उभी राहिली ती हलेनाच. उजव्या डोळ्यावर हात धरला. मग डाव्यावर. मग पुन्हा उजव्यावर.

"ही कुठली?" तिने विचारलं.

"पांढरी, मावशी," दुकानदार म्हणाला.

"आणि ही?"

"मावशी, तीच आहे ही. तुम्ही फक्त डोळा बदललात."

हिने मला बाजूला ओढलं. "अहो, मला दोन पांढरे दिसतायत. नव्या डोळ्याने बघितलं तर टाइल दुधासारखी आहे. जुन्याने बघितलं तर मधात बुडवून काढल्यासारखी."

ऑपरेशनमध्येच काहीतरी घोळ झाला, असं वाटून मी तिथूनच दवाखान्यात फोन लावला आणि जरा चढ्या आवाजातच बोललो. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "बिघडलेलं काही नाही, काका. डोळ्याच्या आत एक भिंग असतं. ते वयाबरोबर पिवळं, मग तपकिरी होत जातं. इतकं हळूहळू, की माणसाला पत्ता लागत नाही. आता त्यांच्या एका डोळ्यात नवं भिंग आहे आणि एकात जुनं. म्हणून फरक कळला."

फोन ठेवला आणि मी हिच्याकडे बघत राहिलो. माणूस शेजारी बसून जेवतो, शेजारी झोपतो, आणि त्याच्या डोळ्यात हळूहळू ऊन मावळत जातं, हे आपल्या गावीही नसतं. त्या दिवशी आम्ही जमिनीसाठी आणि शॉवरच्या कोपऱ्यापुरत्या करड्या मॅट टाइल्स घेतल्या, नळ साधे स्टीलचे घेतले. काळे नळ हिने एका शब्दात उडवले. भिंतींच्या रंगाचं मात्र "बघू" म्हणाली.

त्या आठवड्यात ही घरभर निळा रंग शोधत फिरली. भिंग पिवळं झालं की सगळ्यात आधी निळा दिसेनासा होतो म्हणे. सकाळी गॅस पेटवून ज्योतीकडे बघत उभी राहिली. "इतकी निळी असते?" दूध उतू गेलं, ओट्यावरून खाली आलं, हिला त्याचं काही नाही! जी बाई दुधाचा थेंब सांडला तर घर डोक्यावर घेते, ती नुसती ज्योत बघत होती. मग माझा शर्ट. "हा निळा आहे?" मी म्हटलं, घेतला तेव्हापासून निळाच आहे. "मी याला राखाडी समजत होते," ती म्हणाली आणि बाहीवरून हात फिरवत राहिली. संध्याकाळी गॅलरीत गेली आणि मला हाक मारली. आभाळात ढग नव्हता, पक्षी नव्हता, काही म्हणता काही नव्हतं. तेच दाखवायला बोलावलं होतं. मीही बघितलं. खरं सांगतो, इतकं नीट मी आभाळाकडे कधी बघितलं नव्हतं.

मग तिने धाग्यांची पेटी काढली. निळ्यांच्या कप्प्यात हिरवे निघाले, करड्यांत जांभळे, पांढऱ्यांत फिकट पिवळे. आधी हसली. "कुणी लावली ही पेटी, आंधळ्याने?" म्हणाली. मग एकेक रीळ त्याच्या जागी ठेवता ठेवता हसणं थांबलं. पेटी बंद केली आणि म्हणाली, "डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं नाही."

मी ताडकन उठलो. मुलगा समजावून थकला, सून थकली. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावलं होतं की डावा मोतीबिंदू पिकला आहे, आता लांबवला तर तो दगडासारखा कडक होईल, मग काढणं अवघड आणि त्या डोळ्याची दृष्टीही जाऊ शकेल. हे सगळं मी हिला तीन-तीनदा ऐकवलं, शेवटी ओरडूनही ऐकवलं.

"ओरडू नका," ही म्हणाली. "नवा डोळा खरं बोलतो, कबूल. पण त्याची माझी ओळख नाही. त्याने बघितलं की हे घर मला दुसऱ्याचं वाटतं. ठमी दुसऱ्या कुणाची तरी वाटते. तुम्हीसुद्धा. जन्माला आल्यापासून मी त्या पोरीला जुन्या डोळ्याने बघितलंय. तोही काढून टाकला तर ती माझी ठमी कुठे राहील?"

भांडायला मुद्दा लागतो, आणि माझ्याकडे होती नुसती भीती. बाईला एका डोळ्याचं अंधत्व येणार आणि ती ते स्वतःच्या हाताने ओढवून घेणार, हे मला दिसत होतं.

दोन दिवसांनी रंगारी आला. शेड कार्ड पसरलं. हिने स्वयंपाकघरातून एक पांढरी बशी आणली, खिडकीशी बसली आणि नाकावर एक पुठ्ठा उभा धरला, एका डोळ्याला दुसऱ्या बाजूचं दिसू नये म्हणून. डाव्या, जुन्या डोळ्यापुढे बशी. उजव्या, नव्या डोळ्यापुढे शेड कार्ड.

"मला या बशीचा रंग जुळवून द्या," ती म्हणाली.

"ताई, बशी पांढरी आहे," रंगारी म्हणाला.

"तुम्हाला पांढरी आहे. मला कशी दिसते ते मी जुळवणार आहे."

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. जुन्या डोळ्याला जो पांढरा दिसतो, तोच रंग नव्या डोळ्यासमोर तयार करायचा. आजवर ही जे बघत होती ते या मार्गाने आम्हाला दिसणार होतं. हिने आयुष्यभर कापडाला धागा जुळवला होता. आता एका डोळ्याला दुसरा डोळा जुळवायला बसली. कार्डावरचा एकही रंग पसंत पडेना. मग रंगाऱ्याने डब्यात थोडा थोडा रंग कालवायला सुरुवात केली. पिवडी घाल, नको, लाल वाटतो, थेंबभर तपकिरी, आणखी एक. तो पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लावायचा, वाळवायचा, ही बघायची आणि मान हलवायची. रंगारी आधी कंटाळला, मग त्यालाच चेव आला. चहा गार झाला तरी दोघं उठेनात. शेवटी हिने पुठ्ठा खाली ठेवला आणि म्हणाली, "बस. हा माझा पांढरा."

आम्ही तो तुकडा हातोहात फिरवला. उन्हात राहिलेल्या जुन्या वर्तमानपत्रासारखा रंग. ही मात्र खूश होती. "बघा कसा ऊबदार आहे! हाच लावायचा. चारी भिंतींना, आणि वर छतालाही." सुनेने माझ्याकडे बघितलं, मी मुलाकडे. पण ब्र काढायची कुणाची टाप होती?

रंग वाळला त्या दिवशी आम्ही सगळे बाथरूमच्या दारात जमलो. सगळे एकदम मावणं शक्य नव्हतं, म्हणून एकेकाने जायचं ठरलं. मुलगा गेला आणि मान खाली घालून बाहेर आला. सून गेली, ती डोळे पुसत बाहेर आली आणि सरळ स्वयंपाकघरात निघून गेली. मग मी गेलो आणि दार लावून घेतलं.

हातात घेतलेला तुकडा आणि चारी बाजूंनी वेढणारा रंग यांत केवढं अंतर असतं! खिडकीतून भर दुपारचं ऊन येत होतं आणि आत दिवेलागण झाली होती. भिंती, छत, कोपरे, सगळं तपकिरी, मंद, जुनं. दांडीवरचा पांढरा टॉवेल मळकट वाटत होता. मी हात पुढे केला, तोही दुसऱ्याच कुणाचा वाटला. आरशात बघितलं. माझे केस पांढरे नव्हते, गव्हाच्या रंगाचे होते. चेहऱ्यावरचे डाग नव्हते. मी बराच बरा दिसत होतो. मला हिच्या डोळ्यात उभं केलं होतं! या उजेडात हिने सुईत दोरा ओवला. या उजेडात रस्ते ओलांडले, तांदूळ निवडले, ठमीच्या अंगाला तेल लावलं, आणि एकदाही म्हणाली नाही की अंधारलंय, कारण तिला तो दिवसच वाटत होता. मी त्याच घरात, त्याच टेबलाशी बसून रोज पेपर वाचत होतो. मी भिंतीला हात लावला.

मी बाहेर आल्यावर ही ठमीला घेऊन आत गेली. दार उघडंच होतं, मी उंबऱ्याशी थांबलो. हिने डाव्या डोळ्यावर हात धरला आणि नव्या डोळ्याने नातीकडे बघितलं. तिचा चेहरा उजळला. "ही बघा माझी ठमी," म्हणाली. पोरगी आजीने धरलेली हनुवटी सोडवायला बघत होती. मग ती हात सोडवून पळाली आणि पॅसेजच्या खिडकीशी, उन्हात जाऊन उभी राहिली. ही तिच्या मागोमाग बाहेर आली आणि थबकली.

"हे काय लागलंय हिला?" ठमीच्या कपाळाच्या कडेला बोट ठेवून तिने विचारलं.

मी वाकून बघितलं. केसांच्या खाली, नाजूक कातडीआड, एक निळी शीर होती. "लागलं कुठे? शीर आहे ती. जन्मापासूनची आहे."

ही ठमीला पुन्हा आत घेऊन गेली. शीर दिसेनाशी झाली. बाहेर आणलं. दिसली. पुन्हा आत. ठमीला वाटलं आजी खेळतेय, ती खिदळायला लागली. ही हसत नव्हती.

"रोज मीच न्हाऊ घातलं हिला," ती म्हणाली. "इथेच. याच बाथरूममध्ये. रोज या कपाळावरून पाणी सोडलं. आणि मला ही शीर माहीत नव्हती."

तिने त्या शिरेवरून अंगठा फिरवला, अगदी हलका, धागा सरळ करताना फिरवते तसा. मग चार भिंतींकडे एकदा बघितलं.

"फार अंधार आहे हो यात," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईंना फोन लावा."

डावा डोळाही झाला, व्यवस्थित झाला. पट्टी निघाली त्या दिवशी घरी आल्या आल्या हिने ठमीला खिडकीशी नेलं आणि तिची शीर, भुवया, कानाच्या पाळ्या, नखं, सगळं तपासून घेतलं. मग बाथरूममध्ये डोकावली आणि परत येऊन सगळ्यांसमोर म्हणाली, "तुमचं खरं होतं. पांढराच बरा. बोलवा रंगाऱ्याला."

मुलगा आणि सून माझ्याकडे बघायला लागले. रंगाच्या बाबतीत हिने माझं खरं म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि पुन्हा तशी वेळ येईल याची खात्री नव्हती.

"त्या भिंतींना कुणीही हात लावायचा नाही," मी म्हणालो.

"आता काय झालं?"

"त्या उजेडात तू इतकी वर्षं संसार केलास. मला त्यातच सांभाळून घेतलंस. मला काही दिसत नव्हतं." मी बाथरूमच्या दाराकडे बोट दाखवलं. "आता मला रोज थोडा वेळ तिथे उभं राहू दे."

हिने दोन्ही नव्या डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मग निदान बल्ब तरी मोठा लावून घ्या," ती म्हणाली. "दाढी करताना गाल कापून घ्याल."